घोडदऱ्यातले पाटील

लखनच्या होडीला माजलगावात सगळे काकडी म्हणायचे, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती आणि अंगानं हिरवीगार. हिरवा रंग काही मुद्दाम निवडलेला नव्हता, एका शाळेच्या घसरगुंडीचा उरला होता. लखनचं दुकान फायबरच्या कामाचं. कूलरच्या टाक्या, घसरगुंड्या, फुटक्या पत्र्यांना ठिगळं, असलं सगळं तो करायचा. होडी त्यानं जन्मात केली नव्हती. पण प्रवीणनं एकदा फोनवर दाखवलं, कुठल्याशा थंड मुलखातली माणसं असल्या होडीत बसतात, एक पुढं, एक मागं, आणि वल्ही मारत पायवाटसुद्धा जात नाही अशा तळ्यांवर जातात, चूल मांडतात, रांधून खातात आणि परत येतात. प्रवीणच्या डोक्यात हा किडा शिरला आणि त्यानं तो अलगद लखनच्या डोक्यात सोडून दिला. मग दुकानाच्या मागं अंगाला खाज सुटेपर्यंत दोघांनी फायबर घासलं. लखनची बायको मोहिनी म्हणाली, "घरातला कूलर गळतोय अन् हे निघालेत जहाज बांधायला." हौसेला मोल नसतं, हे तिला कोण सांगणार.

प्रवीण वाव्हळ वडवणीला सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसायचा. मूळ गाव चकलांबा. बीडला शिकताना तो आणि लखन एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले, एकमेकांचे शर्ट घालून परीक्षेला गेले. लखन धनगराचा, प्रवीण बौद्धाचा. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. लखनला त्यातच आपलं मोठेपण वाटायचं. जे बोललंच नाही ते मिटलं, अशी त्याची सोयीची समजूत होती.

हिवाळ्यात प्रवीणच्या घरी हुरड्याला जायचं हे ठरलेलं. त्यांचं रान मुळात गायरान, म्हणजे गावची चराई. प्रवीणचा आजा शहादेव यानं माळावरचे दगडगोटे वेचले, गावाच्या शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आणि मरायच्या आधी ते रान नावावर करून घेतलं. त्याच रानातल्या ज्वारीवर प्रवीण शिकला. त्याची आई केशरबाई भाजलेलं कणीस हातावर चोळून पहिली मूठ लखनलाच द्यायची. "खा बाबा," ती म्हणायची, "ह्या दाण्यात आमच्या म्हाताऱ्याचा जीव हाय." लखन मूठ मूठ खायचा.

तर होडी तरंगली, बुडाली, परत चिकटवली, परत तरंगली, आणि शेवटी घोडदऱ्याचा बेत ठरला. धरणाच्या फुगवट्याचा एक फाटा डोंगरात शिरतो. तो संपतो तिथं एका जुन्या तलावाचा बांध लागतो आणि बांधापलीकडं घोडदऱ्याचं तळं. तलाव झाला तेव्हा रस्ता होता म्हणे. रस्ता वाहून गेला, उरलेल्या वाटेवर वेडी बाभूळ माजली आणि तळं तिकडंच राहिलं. गुराखीही जात नाहीत, असं सगळे सांगायचे.

"तितं कोनीच नसतं, लखन," प्रवीण म्हणाला होता. "म्हनून तर जायचं. दिवसभर कोनी काई इचारनार न्हाई."

पाऊस सरून रब्बीची पेरणी उरकली होती तेव्हा ते निघाले. प्रवीण पुढं, लखन मागं. पुढच्यानं पाण्याखालचं बघायचं आणि मागच्यानं होडी वळवायची. धरणात बुडालेल्या बाभळींचे खुंट पाण्याखाली टपून असतात, एखादा लागला की फायबर फाटलंच. म्हणून प्रवीण थोड्या थोड्या वेळानं हाळी द्यायचा, "खुंट, डावीकडं," आणि लखन वल्हं दाबायचा. मध्ये मध्ये प्रवीण दवाखान्यातल्या गमती सांगायचा. एका आजीनं डोळ्यांत घालायचं औषध गूळ लावून खाल्लं, डोळे बरे झाले आणि ती अजून दोन बाटल्या मागायला आली. लखन इतका हसला की होडी हलली. त्या सकाळी तो फार सुखात होता, हे पुढच्या सगळ्यासाठी लक्षात ठेवलं पाहिजे.

बांधाशी आल्यावर खरी गंमत. होडी डोक्यावर घेऊन काट्यांतून बांध चढायचा. अंगावर ओरखडे उठले, लखनची एक चप्पल चिखलात राहिली, प्रवीणचा शर्ट फाटला. वर पोचून दोघांनी खाली पाहिलं. तीन बाजूंनी डोंगर, मधे तळं, पाण्यावर वारा नाही, काठाला बगळे. त्यांनी होडी पाण्यात सोडली आणि बराच वेळ कोणी वल्हं मारलं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कुत्रं भुंकलं. मग धूर दिसला. मग डोंगराच्या उतारावर पांढरी-काळी मेंढरं.

"च्यायला," लखन म्हणाला. "हे तर आमचेच लोक हायेत."

आमचेच म्हणजे किती आमचे, ते जवळ गेल्यावर कळलं. काठावर काठी टेकून उभा होता तो मुंजाजी, लखनचा सख्खा चुलता. धारूरकडच्या अंगानं डोंगर उतरून त्यानं मेंढरं इकडं आणली होती. मेंढरांना कुठं रस्ता लागतो. चुलती साखराबाई चुलीपाशी. लखननं दोघांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मुंजाजी माणूस कष्टाचा, जिवाला जीव देणारा, पण जिभेला हाड नाही. लग्नकार्यात तो कुणाच्या जातीवर काय बोलेल याचा नेम नसायचा आणि घरातली पोरं त्याला आडून आडून गप्प करायची. 

"लखन्या का रं तू?" मुंजाजी म्हणाला. "हे काय, न्हानीतला हौद तरंगवत आनलास?"

"होडी हाय, तात्या."

"आसंल. अन् पाव्हनं, तुमी कोन? कुनाचे?"

यात वावगं काही नव्हतं. रानात माणूस भेटला की मेंढका हेच विचारतो. बसा म्हणायच्या आधी, पाणी द्यायच्या आधी, कुणाचे. प्रवीणनं होडीतून पाय काढता काढता मान वर केली, तोंड उघडलं. त्याच्या आधी लखन बोलून गेला.

"पाटील हायेत, तात्या. गेवराईकडचे."

इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मोठ्या समंजसपणानं त्यानं प्रवीणकडं पाहिलं, कसं सांभाळून घेतलं बघ, अशा नजरेनं. प्रवीणनं तोंड मिटलं होतं. तो होडीची दोरी दगडाला बांधत होता आणि गाठ त्यानं फार सावकाश बांधली.

मुंजाजीनं घाईनं घोंगडं झटकून अंथरलं. "बसा पाटील, बसा. आमचं काय, उघड्यावरचा संसार." साखराबाईनं चुलीवर तवा टाकला. बाजरीच्या भाकरी, लसणाचा ठेचा, शेळीचं दूध. पहिली भाकरी पाटलांना, दुधाचा मोठा पेला पाटलांना. लखनला वाटलं, निभावलं. खोटं बोललो, पण कुणाचं काय बिघडलं? पोटभर जेवू, राम राम करू आणि निघू.

करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, ते असं. आपल्या मानाचा माणूस ताटावर बसलाय म्हटल्यावर मुंजाजीची जीभ सुटली.

"पाटील, तुमच्याकडं तरी ऱ्हायलंय का गायरान?"

प्रवीण म्हणाला, "हाय थोडं."

"आमच्याकडं न्हाई ऱ्हायलं. समदं नांगरून टाकलं त्या लोकांनी. झेंडा रवला की झालं, माळ त्यांचा. आमची मेंढरं कुटं जावी? बापजाद्यापासून चारलं आमी तितं. आता मेंढरू शिरलं की पोलीस." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "ह्या जातीला बसाया जागा दिली की पाय पसरतेत, पाटील. फुकटचं खायाची सवय. तुमी लोकांनी जरा लगाम ठिवाया पायजे हुता." मग तो त्या लोकांच्या हातच्या पाण्याबद्दल आणि अंगाच्या वासाबद्दल काहीतरी बोलला. जुना विनोद होता. लखननं तो लहानपणापासून लग्नाच्या मांडवात ऐकला होता.

आणि लखन हसला.

मोठ्यानं नाही. नाकातून, सवयीनं, मोठं माणूस बोललं की हसायचं असतं तसं. हसू बाहेर पडलं आणि त्याला कळलं की ते आता परत आत जाणार नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात असं तो ऐकून होता. आता तसला माणूस कसा दिसतो ते बघायला त्याला आरशाची गरज नव्हती. केशरबाईच्या हातावरचे दाणे त्याला आठवले आणि हातातला घास त्यानं ताटात परत ठेवला.

प्रवीणनं मात्र ताटातलं सगळं संपवलं. एक कण ठेवला नाही. मग उठला, ताट-पेला घेऊन काठाला गेला, वाळू घेऊन स्वच्छ घासला, धुतला आणि चुलीपाशी आणून पालथा घातला.

"आवं पाटील," साखराबाई म्हणाली, "तुमी कावून धुता ताट?"

"सवय हाय, मावशी," प्रवीण म्हणाला.

ती आपली हसली. चांगल्या घरचा, वळणाचा पोरगा दिसतोय, असं तिनं नवऱ्याला सांगितलंही. लखनला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. समोर एवढं तळं होतं, पण असल्या कामाला तळं उपयोगी पडत नाही.

होडी निघाली. प्रवीण पुढं, लखन मागं. लखनला फक्त त्याची पाठ दिसत होती, फाटक्या शर्टातली. वल्ही बरोबर पडत होती, इतक्या दिवसांची सवय ती. पण हाळी नव्हती. या तळ्यातही बुडालेले खुंट होते, एखादा आला की प्रवीण नुसतं वल्हं उचलून त्या बाजूला दाखवायचा आणि पुन्हा पाण्यात घालायचा. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर लखनला सोसलं असतं. काम चोख करणारी ती मुकी पाठ त्याला सोसेना.

"तुला तरास नको म्हनून म्हनलो बे," शेवटी तो म्हणाला. "तात्याचं तोंड तुला म्हाईत न्हाई."

प्रवीणनं वल्हं उचलून उजवीकडचा खुंट दाखवला.

"मी तुझ्यासाठीच—"

"मी तोंड उघडलं हुतं, लखन." प्रवीणनं मागं वळून पाहिलं नाही. "नाव सांगनार हुतो. त्यानं मला इचारलं हुतं, तुला न्हाई."

"अन् त्यानं जेवायला नसतं वाढलं तर?"

"तर नसतो जेवलो. आईनं भाकर बांधून दिली हाय पिशवीत. तुझ्यासाठी बी हाय." त्यानं दोन वल्ही मारली. "म्हाताऱ्याला जे बोलायचं ते माझ्या नावाला बोलला असता, तर मी बी बोललो असतो. आज्याचं समदं सांगितलं असतं. त्याचं बी ऐकलं असतं, त्याची मेंढरं खरंच उपाशी मरत असतील. पन तू मला पाटील केलंस. पाटलानं काय बोलावं तितं? मान हलवावी."

प्रवीणनं वल्हं दुसऱ्या बाजूला घेतलं.

"तुला वाटतं मला माझ्या नावाची लाज हाय. मला न्हाई रं. मी रोज खिडकीत नावाची पट्टी लावून बसतो. लाज तुला हाय. इतकी वर्सं हुती, मला आज कळलं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. लखनच्या मनात आता भर दुपार होती. सगळं लख्ख दिसत होतं. मोहिनीच्या माहेरी प्रवीणची ओळख त्यानं नेहमी 'आमचे डॉक्टर' अशी करून दिली होती. औषधाच्या खिडकीत बसणाऱ्याला डॉक्टर, म्हणजे मग पुढचं कोणी विचारत नाही. दुकानात गिऱ्हाईक असलं की 'प्रवीण' एवढंच, त्याच्यापुढचा शब्द नाही. तो समजत होता आपण मित्राला झाकतोय. झाकत होता तो स्वतःला.

त्यानं वल्हं उलटं दाबलं. होडी वळू लागली.

"कावून?" प्रवीण म्हणाला.

"परत जायचं. सांगतो तात्याला."

प्रवीणनं वल्हं पाण्यातून काढलं आणि मांडीवर आडवं ठेवलं.  आता वारा सुटला होता आणि समोरून येत होता. दोघांची होडी एकट्यानं ओढायची म्हणजे काय असतं ते लखनला त्या दिवशी समजलं. तोंड सारखं भरकटायचं, दोन हात पुढं जावं तर एक हात मागं. दंड भरून आले, हाताला फोड आले. पुढं प्रवीण बसला होता, पाहुण्यासारखा. लखनला वाटलं, हे बरोबरच आहे.

काठाला लागल्यावर प्रवीण उतरला नाही. लखन एका पायात चप्पल घालून चढ चढला. मुंजाजी मेंढराच्या खुरातला काटा काढत होता.

"काय इसरलं?"

"तात्या, ते पाटील न्हाईत. प्रवीण वाव्हळ नाव हाय त्याचं. चकलांब्याचा. त्याच्या आज्यानंच गायरान नांगरलंय. मी खोटं बोललो."

मुंजाजीनं काटा काढला, मेंढराला सोडलं आणि मग पुतण्याकडं पाहिलं. लखन तयारीनं आला होता. तात्या ताटावरून काही बोलला, विटाळाचं काही काढलं, तर सरळ तोडून टाकायचं, असं त्यानं पाण्यावर ठरवलं होतं. पण म्हातारा दुसरंच बोलला.

"म्हंजे मी त्याच्या म्होरं बसून, त्याला वाढून, त्याला शिव्या घातल्या?"

"हां."

"अन् तू हसलास."

मुंजाजी काठी घेऊन उठला.

"मी बोललो ते बोललो. माझं गायरान गेलंय, मी बोलनार. पन ज्याला बोलायचं त्याच्या तोंडावर बोलनारा मानूस हाय मी. तू मला घरी आलेल्या मानसाच्या ताटावर चुगल्या करनारा केलंस." मुंजाजीचा आवाज चढला नव्हता. "माझं नाव सांगून मोकळा झालास ना मनाशी? तात्याचं तोंड वंगाळ, म्हनून खोटं बोललो? तुझं तोंड कसंय बघ की."

तो काठी टेकत काठाला गेला. लखन मागं. होडीत प्रवीण तसाच बसला होता, वल्हं मांडीवर.

"ए पोरा," मुंजाजीनं हाक मारली. "नाव काय तुजं? कुनाचा?"

लखनचं तोंड उघडलं होतं. त्यानं ते मिटून घेतलं.

"प्रवीण वाव्हळ. शहादेव वाव्हळांचा नातू. चकलांबा."

"गायरानवाले?"

"हां. गायरानवाले."

"मग उतर खाली," मुंजाजी म्हणाला. "तुझ्यासंगं भांडायचंय मला."

 प्रवीण वल्हं ठेवून उतरला. घोंगड्यावर दोघं समोरासमोर बसले आणि खरंच भांडले. मुंजाजीनं किती मेंढरं विकावी लागली ते सांगितलं, प्रवीणनं आज्याचा मोडलेला हात सांगितला. म्हातारा म्हणाला, माळ सगळ्यांचा होता. प्रवीण म्हणाला, सगळ्यांचा होता तर आमचा कधी होता ते सांगा. मुंजाजी काठी आपटायचा, प्रवीण मातीत बोटानं रानाच्या चतुःसीमा काढून दाखवायचा. कोणी कुणाचं पटवून घेतलं नाही. पाण्याच्या आणि वासाच्या त्या विनोदाबद्दल मुंजाजी माफीचं काही बोलला नाही, पण बोलणं त्या विनोदाच्या जवळ आलं की त्याची नजर खाली जायची.

साखराबाईनं चहा टाकला. पेले दगडावर मांडले होते, प्रवीणनं पालथा घातलेला त्यांच्यातच होता. तिचा हात पेल्यांवर जरासा थबकला. कशासाठी थबकला ते तिचं तिला माहीत. मग तिनं तोच पेला सुलटा केला, चहा ओतला आणि नवऱ्याला दिला. दुसरा प्रवीणला. लखनचा पेला तिनं दगडावरच ठेवला, घ्यायचा तर घे म्हणून.

लखन होडीची दोरी धरून उभा होता. होडी दगडाला बांधता आली असती, पण दोरी धरली म्हणजे उभं राहायला काहीतरी कारण होतं. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं आणि त्याची तिथं कुणाला गरजही नव्हती. त्याच्याशिवाय त्या दोघांचं बरं चाललं होतं. सकाळीही चाललं असतं, हे त्याला आता कळत होतं आणि तेच सगळ्यात झोंबत होतं.

चहा संपल्यावर त्यानं दोरी बांधली, तिन्ही पेले उचलले, आपला न प्यायलेला ओतून टाकला आणि पाण्याशी बसून सगळे वाळूनं घासले. साखराबाई चुलीपाशी बसून बघत होती. तू कावून धुतोस, असं तिनं विचारलं नाही.

निघताना मुंजाजी काठापर्यंत आला. प्रवीणला म्हणाला, "फिरून ये. माझं संपलं न्हाई आजून." प्रवीण म्हणाला, "माझं बी न्हाई."

लखन सवयीनं मागच्या जागेकडं गेला.

"तू म्होरं बस," प्रवीण म्हणाला.

लखन पुढं बसला. आता पाठ त्याची होती. मागून कोण कसं बघतंय ते त्याला दिसत नव्हतं, फक्त मानेला जाणवत होतं. पाण्यात पहिला खुंट दिसला तेव्हा त्यानं हाळी दिली, आणि आवाज इतका बारीक निघाला की दुसऱ्यांदा द्यावी लागली. मागून उत्तर आलं नाही, पण होडी वळली.